दाखवायचे दाते, चढायचे दाते

सायकलीच्या किमतीचा एक नियम असा आहे की, आकडा जसजसा चढत जातो तसतसे सायकलीवरचे सामान उतरत जाते. पाच-सात हजारांच्या सायकलीला स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, घंटी, कुलूप आणि चेनवर पत्र्याचे झाकण एवढे सगळे मिळते. पन्नास हजारांपर्यंत पोहोचेतो यांपैकी बहुतेक वस्तू गळालेल्या असतात. आणि दोन-अडीच लाखांच्या पुढे गेल्यावर ग्राहकाच्या असे ध्यानात येते की, सायकलीला पायडलदेखील नाहीत. हा दुकानदाराचा विसरभोळेपणा नसून या व्यवहाराची रीत आहे. रोड बाइकचा, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायच्या बारीक टायरांच्या सायकलीचा, स्वार आपल्या बुटाच्या तळाला क्लीट नावाची खिट्टी बसवतो, ती खिट्टी पायडलमध्ये अडकते, आणि अशा पायडलांचे प्रकार अनेक असल्याने ज्याने त्याने आपल्या पसंतीचे घ्यावेत, असा कारखानदारांचा विचार असतो. तो विचार तर्काला धरून आहे. तरीही आयुष्यभर भाजीबरोबर कोथिंबीर फुकट घेत आलेल्या समाजाला हा तर्क पचायला वेळ लागतो, आणि अडीच लाख मोजल्यावर पुन्हा पायडलसाठी खिशात हात घालणाऱ्या गृहस्थाची मुद्रा ही या क्षेत्रातील पहिली प्रेक्षणीय गोष्ट मानावी लागते.

अशा सायकलीचा महाराष्ट्रातील ग्राहक कोण, याचा विचार केला असता त्याची काही ठळक लक्षणे हाती लागतात. तो बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो. बैठ्या कामाने त्याला बरे उत्पन्न आणि त्याहून बरे पोट दिलेले असते. रक्ततपासणीच्या अहवालातील एखाद्या ठळक छापलेल्या आकड्याने त्याची झोप उडवलेली असते. आणि मधल्या दांड्याखालून पाय घालून, वडिलांच्या काळ्या सायकलीवर तो लहानपणीच सायकल शिकलेला असल्यामुळे या वाहनात आता नव्याने समजून घेण्यासारखे काही उरलेले नाही, अशी त्याची खात्री असते. तो पुण्याचा असेल तर घाट त्याला चुकत नाही. दक्षिणेला कात्रज, आग्नेयेला बोपदेव आणि दिवे घाट, नैर्ऋत्येला सिंहगड, पश्चिमेला ताम्हिणी, वायव्येला लोणावळ्यापलीकडचा बोरघाट अशी या शहराला घाटांनी घातलेली वेढणी आहे. पूर्वेकडे सोलापूर रस्ता सपाट निघतो खरा, परंतु त्या रस्त्याने जाऊन आल्याचे कोणी कोणाला आवर्जून सांगत नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतही बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब वेगळा दिला जात आला आहे. सपाटीचा राजा असा किताब असल्याचे ऐकिवात नाही.

घाट चढायचा तर सायकल हलकी हवी आणि हलकी हवी तर कार्बनची हवी, इथपर्यंत ग्राहकाचे अनुमान सरळ जाते. कार्बन या शब्दाने येथे जे सांगितले जाते ते एकसंध द्रव्य नव्हे. पाच ते सात मायक्रॉन जाडीचे, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक असे कार्बनचे धागे इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून त्यांच्या पट्ट्या करतात, त्या पट्ट्यांचे शेकडो लहान-मोठे तुकडे कापून साच्यात थरावर थर असे हातांनी लावतात, आणि मग उष्णता व दाब देऊन सगळे एकजीव करतात. धागा लांबीच्या दिशेने अतिशय बळकट, आडव्या दिशेने मात्र दुबळा, म्हणून कोणता तुकडा कोणत्या कोनात बसवायचा यावर सांगाड्याचा सगळा स्वभाव ठरतो. हे नाजूक हस्तकौशल्य मुख्यतः तैवान आणि चीनमधील कारखान्यांत चालते. नंतर सांगाड्यावर इटालियन किंवा फ्रेंच वळणाचे नाव रंगवले जाते आणि नावाच्या अक्षरांना जितकी वळणे तितकी किंमत वाढते. १९८६ साली ग्रेग लेमाँ या अमेरिकन स्वाराने कार्बनच्या सायकलीवर टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हापासून या पदार्थाचा शर्यतीतील दबदबा वाढत गेला, आणि शर्यतीत जे चालते ते रविवारी सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन येणाऱ्यालाही आवश्यक असते, हे तत्त्व कॅमेऱ्यापासून बुटांपर्यंत सर्वत्र मान्य झालेले आहेच.

कार्बन सांगाड्यांच्या माहितीपत्रकांतील गद्य हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल. त्यातील प्रत्येक सांगाडा आदल्या वर्षीच्या सांगाड्यापेक्षा काही टक्के अधिक कडक आणि त्याच वेळी काही टक्के अधिक लवचीक असतो. आडव्या दिशेने कडक, म्हणजे पायडलवर जोर दिला असता तळाचा भाग बाजूला वाकत नाही आणि बळ वाया जात नाही. उभ्या दिशेने लवचीक, म्हणजे खड्ड्याचा दणका पाठीपर्यंत पोहोचता पोहोचता सौम्य होतो. हे दोन्ही गुण थरांच्या मांडणीने काही अंशी साधता येतात, यात खोटे नाही. परंतु उच्चशिक्षित, करारी आणि तरीही मिळून-मिसळून वागणाऱ्या वधूची मागणी करणाऱ्या जाहिरातींवर पोसलेल्या वाचकाला त्या वर्णनात ओळखीचे काही सापडते आणि तो सही करून मोकळा होतो. उभ्या लवचीकपणाचा मोठा वाटा टायरातील हवेकडे असतो, आणि पंचवीस मिलिमीटरचा टायर काढून बत्तीसचा घातला तर पाठीला जो आराम मिळतो तो सांगाड्याच्या तीन पिढ्यांनी मिळत नाही, ही गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरांतही आढळत नाही. ज्या शहरातील गतिरोधकांना आकार, रंग आणि जागा यांपैकी कशाचेच बंधन नाही, तेथील ग्राहकाने सांगाड्यात किती रुंद टायर मावतो हे आधी विचारावे आणि रंग नंतर पाहावा.

कार्बनची एक अडचण अशी की, तो नाराजी आगाऊ कळवत नाही. पोलादाची नळी आधी वाकते, पोचा पडतो, मालकाला सावध व्हायला अवसर मिळतो. कार्बनची नळी चिरडली तर आतले थर सुटतात आणि वरून रंग शाबूत दिसू शकतो. त्यामुळे आपटलेल्या सांगाड्यावर नाण्याने टकटक करून कुठे आवाज बद्द येतो का, हे ऐकत बसण्याची पद्धत रूढ झाली आहे, आणि लाखाच्या वस्तूची परीक्षा रुपयाच्या नाण्याने होते. प्रत्येक स्क्रू किती आवळायचा हे न्यूटन मीटर या एककात लिहिलेले असते. हँडलच्या किंवा सीटच्या पकडीवर बहुधा पाचचा आकडा दिसतो आणि तेवढ्यावर थांबणारा टॉर्क पाना बाळगावा लागतो. हाताला लागेल तितके आवळायचे आणि मग आणखी अर्धा फेरा, या सिद्धांतावर चाकांचा आऊट काढण्यात आणि छर्रे बदलण्यात हयात गेलेल्या नाक्यावरच्या कारागिराला हा सारा भित्रेपणा वाटतो, आणि तो अशा सायकलीला हवा भरण्यापलीकडे हात लावायचे नाकारतो. त्याचा नकार हा या विषयावरील फार जाणता अभिप्राय आहे.

आता वजनाचा हिशेब. दुकानात शिरलेला ग्राहक सर्वप्रथम सायकल उचलून पाहतो, तीही दोन बोटांनी, आणि उचलल्यावर सोबत्याकडे पाहून भुवया वर करतो. वास्तविक सायकल उचलण्यासाठी नसून बसण्यासाठी असते. परंतु या क्षणी झालेला निर्णय पुढे बदललेला दिसत नाही. जागतिक सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी नसावे असा नियम केलेला आहे. हा नियम व्यावसायिकांसाठी आहे, आणि त्याचा भंग करण्याची मुभा असलेला एकमेव वर्ग म्हणजे ज्याला कोणत्याही शर्यतीत कधीही उतरायचे नाही असा हौशी वर्ग होय. या मुभेचा तो पुरेपूर लाभ घेतो. स्वार ७५ किलो, सायकल ८ किलो, पाणी, पंप, जादा ट्यूब आणि मोबाइल मिळून २ किलो, असे एकंदर ८५ किलो घाट चढत आहेत असे धरले, तर सायकलीतून एक किलो घटवल्याने एकूण ओझे सव्वा टक्क्याच्या आत-बाहेर कमी होते, म्हणजे तासाभराच्या चढणीत चाळीस-एक सेकंद वाचतात. या एका किलोसाठी सहज लाखभर रुपये पडतात. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्यांचे वजन दीड किलोहून अधिक भरते आणि त्यांतली एक रिकामी करायला काही पडत नाही. पण दात कोरून पोट भरत नाही ही म्हण ठाऊक असलेला हाच ग्राहक टायटेनियमचे स्क्रू घेऊन वीस ग्रॅम वाचवतो आणि त्या आनंदात वाटेत थांबून मिसळ खातो.

सांगाड्याची भूमिती हा विषय थोडक्यात आटोपता येतो, कारण शरीर तो परस्पर निकालात काढते. हँडल किती उंच आहे ते स्टॅक या मापाने आणि किती पुढे आहे ते रीच या मापाने कळते; शर्यतीच्या सायकलीत हँडल खाली आणि दूर असते, लांब पल्ल्याच्या सायकलीत वर आणि जवळ. पहिल्या प्रकारावर पाठ जमिनीला समांतर होते आणि छायाचित्र चांगले येते. तिसऱ्या आठवड्यात मान धरते, चौथ्या आठवड्यात स्वार हँडलच्या वरच्या कड्या खाली घालून हँडल उंच करून घेतो, आणि तरीही जागा पुरत नाही असे दिसले की गुडघा पोटावर आपटतो याचे खापर सांगाड्यावर फोडतो.

एवढे सगळे होईपर्यंत गिअरविषयी एक अक्षरही निघालेले नसते, आणि हीच या खरेदीतील सर्वांत नवलाची गोष्ट आहे. रंगाच्या छटेवर दोन आठवडे खल करणारा, कोणत्या कारखान्याचा धागा वापरला याची चौकशी करणारा ग्राहक, सायकल घाटात चढेल की नाही हे ज्या वस्तूवर अवलंबून आहे ती वस्तू मात्र दुकानातून जशी येईल तशी स्वीकारतो. ती वस्तू म्हणजे दाते. पुढे पायडलच्या दांड्यांना जोडलेली दोन दातेरी चाके असतात, त्यांना चेनरिंग म्हणतात. मागच्या चाकाच्या आसावर चढत्या आकाराच्या अकरा-बारा दातेरी चकत्यांची उतरंड असते, तिला कॅसेट म्हणतात. आणि चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या, स्प्रिंग लावलेल्या यंत्राला डिरेल्यूर म्हणतात. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागले की पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरते ते निघते. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर असतो, म्हणून पुढे ५० आणि मागे ११ दाते असतील तर एका फेऱ्यात सायकल साडेनऊ मीटर पुढे जाते, आणि पुढे ३४, मागेही ३४ असतील तर अवघे २.१ मीटर. चढावर लहान उडी सोपी पडते, एवढाच गिअरशास्त्राचा गाभा आहे, आणि तिसरीतला भागाकार येणाऱ्या कोणालाही तो पाच मिनिटांत समजतो. न समजण्याचे कारण गणितात नसून अभिमानात आहे.

पूर्वी शर्यतीच्या सायकलीला पुढे ५३ आणि ३९ दात्यांची जोडी असे व मागे सर्वांत मोठी चकती २५ दात्यांची किंवा त्याहूनही लहान असे. ही मांडणी दिवसाचे सहा-सहा तास सायकल चालवून पोट भरणाऱ्या, साठ-पासष्ट किलो वजनाच्या तरुणांसाठी होती. पुढे ५२ व ३६ ही मधली जोडी आणि ५० व ३४ ही कॉम्पॅक्ट म्हटली जाणारी जोडी आली. तरीसुद्धा मागे ३२ किंवा ३४ दात्यांची चकती असणे म्हणजे काहीतरी वैद्यकीय कारण असणे, अशी भावना सायकलस्वारांत अजून शिल्लक आहे. मोठी चकती मागणारा ग्राहक दुकानात आवाज खाली आणून बोलतो, आणि ती आपल्यासाठी नसून ‘कधीतरी महाबळेश्वरला जायचं झालंच तर’ म्हणून हवी आहे, असे न विचारता सांगतो. स्त्रिया या बाबतीत लवकर शहाण्या होतात. त्या सरळ सर्वांत मोठी चकती मागतात आणि वर जाऊन बसलेल्या असतात.

या अभिमानाची वंशावळ फ्रान्समध्ये सापडते. सेंत-एत्येन या डोंगराळ गावात पॉल द विव्ही नावाचा रेशमाचा व्यापारी होता, जो व्हेलोसिओ या टोपणनावाने सायकलीचे मासिक चालवीत असे; चढासाठी एक आणि सपाटीसाठी दुसरा असे गिअर हवेत, हे त्याने जन्मभर लिहून आणि चालवून दाखवले. उलट बाजूला टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज उभा होता, ज्याने १९०३ साली ही शर्यत सुरू केली आणि तीत स्वारांचे जितके हाल होतील तितकी ती चांगली, असे मनापासून मानले. १९०२ सालची एक हकिकत सायकलीच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. मार्थ एस या महिलेने तीन गिअरांच्या सायकलीवर डोंगरी मार्ग एकदाही पाय जमिनीला न टेकता पार केला आणि एकाच गिअरवर चालणाऱ्या एका नावाजलेल्या पुरुष स्वाराला मागे टाकले. देग्रांजने या प्रसंगातून जो निष्कर्ष काढला तो असा की, गिअर बदलणे ही पंचेचाळिशीपुढच्या लोकांची सोय आहे, आपल्यासारख्यांनी स्नायूंच्या बळावर जिंकावे. यानंतर टूरमध्ये डिरेल्यूरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. तोपर्यंत स्वार मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आकाराच्या चकत्या लावीत, घाटाच्या पायथ्याशी खाली उतरत, चाक काढत, उलटे बसवत आणि मग चढू लागत. या पद्धतीचे एक अंग विद्वानांनी दुर्लक्षिलेले दिसते: तीत घाटाआधी उतरून दम खाण्याची अधिकृत सोय होती. डिरेल्यूरने स्वाराचे श्रम वाचवले खरे, पण उतरण्याचे एक सन्माननीय निमित्त हिरावून घेतले, आणि आजच्या स्वाराला ते स्वतः शोधावे लागते.

देग्रांजचे पंचेचाळीस हे वय लक्षात घेता, ज्या वर्गाला त्याने गिअर मोकळेपणी बहाल केले होते नेमका तोच वर्ग आज कार्बनच्या सायकली घेतो आणि नेमका तोच ते नाकारतो. परिणाम सिंहगडावर पाहायला मिळतो. गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंतचा रस्ता आठ-नऊ किलोमीटरचा, त्यात सहाशेच्या आसपास मीटर उंची चढायची, म्हणजे सरासरी चढ सात टक्क्यांच्या घरातला. शंभर मीटर पुढे गेल्यावर सात मीटर वर, असा या टक्क्यांचा अर्थ. काही वळणे याहून बरीच खडी आहेत. वर धरलेले ८५ किलो ओझे ताशी आठ किलोमीटर वेगाने सात टक्क्यांवर चढवायला सुमारे १४० वॉट शक्ती लागते, जी नियमित सायकल चालवणाऱ्या मध्यमवयीन माणसाला तासभर पुरवणे जमते. आता दाते मोजावेत. पुढे ३९ व मागे २५ असतील तर हा वेग राखताना पायडल मिनिटाला ४१ वेळा फिरतात. पुढे ३४ व मागे २८ असतील तर ५२ वेळा. आणि ३४ला ३४ असतील तर ६३ वेळा. शक्ती तिन्ही वेळी सारखीच, फरक एवढाच की फेरे जितके कमी तितका प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर अधिक, आणि तो जोर गुडघ्याच्या वाटीतून जातो. वळणावर चढ बारा टक्के झाला की त्याच १४० वॉटमध्ये वेग ताशी पाच किलोमीटरच्या खाली येतो आणि ३४ व २८ या जोडीवर फेरे बत्तीसपर्यंत उतरतात. दोन सेकंदांना एक फेरा, म्हणजे वरच्या पायावर स्वार सगळा देह टाकतो, पायडल विचार करते, आणि मग खाली जाते.

या क्षणी स्वाराच्या उजव्या हाताचे जे होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. शेवटची चकती कधीच आलेली असते, हे त्याला ठाऊक असते. तरीही मधले बोट हळूच गिअरच्या पात्यावर जाते आणि ते आत दाबते. पाते थोडे हलते, पण खट् असा जो आवाज यायचा तो येत नाही. शंभर मीटर पुढे बोट पुन्हा तेथेच जाते. मग मान वळवून, तोल सांभाळत, चेन खरोखरच शेवटच्या चकतीवर आहे का हे पाहिले जाते, आणि ती तेथे आहे हे पाहून स्वाराच्या चेहऱ्यावर जी निराशा उमटते ती शेअरबाजारातही क्वचितच दिसते. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर अवहेलना अधिक, कारण हँडलवरचा संगणक काही वेळा बारीक आवाज करून शेवटचा गिअर आल्याची वर्दी देतो, आणि ती सोबतच्याला ऐकू जाते.

त्यानंतरचा टप्पा निमित्तांचा. कोणीही दमला म्हणून थांबत नाही. एक चेनचा आवाज तपासायला थांबतो, एक मागून येणाऱ्या मित्रासाठी थांबतो, जो मित्र त्याच वेळी खालच्या वळणावर त्याला दृष्टिआड होऊ देण्यासाठी थांबलेला असतो. एक खडकवासल्याच्या पाण्याचे छायाचित्र काढतो, ज्याच्याकडे त्या पाण्याची त्याच वळणावरून काढलेली छायाचित्रे डझनावारी असतात. आतकरवाडीच्या पायवाटेने दर आठवड्याला गड चढणारी मंडळी, त्यांत सत्तरी गाठलेलेही असतात, साध्या कॅनव्हासच्या बुटांत तासाभरात किंवा त्याआधीच वर पोहोचतात, आणि अडीच लाखांचा सांगाडा व त्याखालचा माणूस वर येतो तेव्हा ती मडक्यातले दही संपवत असतात. त्यांच्यातील एखाद्याने सहज ‘याला गिअर नसतात का हो?’ असे विचारले, तर त्याचा हेतू निखळ चौकशीचा असतो, हे स्वाराने समजून घ्यावयास हवे.

वर पोहोचल्यावरचा हिशेबही उद्बोधक आहे. ८५ किलो सहाशे मीटर उचलण्याचे काम ५०० किलोज्यूल भरते, म्हणजे विजेच्या एका युनिटचा सातवा हिस्सा. घरगुती दराने ही वीज रुपया-दोन रुपयांची होते. माणसाचे शरीर मात्र खाल्लेल्या अन्नातील चौथ्या हिश्श्याच्या आसपासच कामात उतरवते, म्हणून त्याच कामासाठी ५०० किलोकॅलरींच्या जवळपास खर्च येतो. गडावरची खेकडा भजी, पिठले, दोन भाकऱ्या, ठेचा आणि दही हा खर्च भरून काढून वर शिल्लक ठेवतात. सायकलीतून काढलेला एक किलो अशा रीतीने दर रविवारी थोडा थोडा स्वारात परत भरला जातो, आणि दोघांचे मिळून वजन कायम राहते.

उपाय मात्र स्वस्त आणि उघड आहे. नवी कॅसेट काही हजारांत येते आणि ती बदलायला चांगल्या कारागिराला अर्धा तासही लागत नाही. दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. डिरेल्यूरला मागची जास्तीत जास्त किती दात्यांची चकती झेपते हे ठरलेले असते. आखूड पिंजऱ्याचा, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग आखूड असलेला, जुना डिरेल्यूर अठ्ठावीस-तीसच्या पुढे नकार देतो, मग तोही बदलावा लागतो. दुसरे असे की, मोठ्या चकतीभोवती चेन पुरली पाहिजे, नाहीतर दोन कड्या वाढवाव्या लागतात. हे न करता मोठी चकती बसवली आणि भर घाटात पुढच्या मोठ्या चेनरिंगवर असताना ती लावली, तर डिरेल्यूर ताणून मोडतो आणि स्वाराला थांबण्याचे या मोसमातील पहिले खरे कारण मिळते. शिमानोच्या नव्या बारा चकत्यांच्या १०५ या संचात मागे ३४ किंवा ३६ दाते मिळतात, स्रॅमने पुढची चाकेच लहान करून ३५ला ३६ अशी, म्हणजे एकाहून कमी गुणोत्तराची जोडी रोड बाइकवर आणली, आणि स्पेनमधील आंग्लिरूसारख्या, जेथे चढ तेवीस टक्क्यांवर जातो अशा घाटात व्यावसायिक स्वारही आपल्या आजोबांना लाज वाटेल एवढ्या मोठ्या चकत्या लावतात. ज्यांना पगार मिळतो ते ३४ वापरतात आणि ज्यांनी पदरमोड केली ते २५वर दात-ओठ खात चढतात, हा उलटा न्याय फक्त हौसेच्या राज्यात टिकू शकतो.

तरीही कोणताही ग्राहक पहिल्याच वर्षी मोठी कॅसेट घेत नाही. आधी हलकी चाके येतात, मग कार्बनचे हँडल, मग आहारतज्ज्ञ, मग गुडघ्याची क्ष-किरण तपासणी. आणि अस्थिरोगतज्ज्ञाने काही दिवस सायकल बंद असे सांगितल्यावर एका संध्याकाळी, दुकानात दुसरे कोणी नाही हे पाहून, तो दाती तृण धरून शिरतो. कारागीर जुनी कॅसेट सोडवतो, नवी चढवतो, डिरेल्यूरच्या वरच्या दातेरी चाकाचे आणि मोठ्या चकतीचे अंतर एका बारीक स्क्रूने जुळवतो आणि हात पुसत ‘गडावर का, साहेब?’ एवढेच विचारतो. पुढच्या रविवारी हाच स्वार घाटात बसल्या बसल्या पाय फिरवत, बोलत, आजूबाजूची झाडे पाहत चढताना दिसतो, त्याची छायाचित्रे काढण्याची आवड एकाएकी नाहीशी झालेली असते, आणि सुधारणेचे श्रेय तो न चुकता कार्बनच्या सांगाड्याला देतो. मागे किती दाते आहेत असे कोणी विचारलेच तर ‘अठ्ठावीस’ असे उत्तर मिळते, कारण चालत्या सायकलीवरचे दाते कोणाला मोजता येत नाहीत, असा त्याचा भरवसा असतो. ताशी सहा किलोमीटर वेगाने चाललेल्या सायकलीवरचे मात्र ते शेजारून चालणाऱ्यालाही आरामात मोजता येतात.